मागाच्या खडखडाटात लिपसिंक

रॅपचा व्हिडिओ यंत्रमागाच्या शेडमध्ये शूट करायचा हे ठरलं, तेव्हा एक साधी गोष्ट आम्हा चौघांपैकी कुणाच्याच डोक्यात आली नाही. तिथे गाणं ऐकूच येत नाही.

मला तरी हे कळायला हवं होतं. मी इचलकरंजीचा. पप्पा २८ वर्षं मागावर आहेत. घरी फोन आला की ते स्पीकरवर टाकतात, आवाज शेवटपर्यंत वाढवतात आणि तरी "काय? काय म्हणालास?" करतात. लहानपणी त्यांचा डबा घेऊन शेडमध्ये कितीतरी वेळा गेलोय. पण फ्रेम कशी दिसेल एवढंच डोक्यात असलं की कान बंदच पडतात बहुतेक.

मी कोल्हापुरात उपयोजित कला शिकत होतो, बीएफएचं शेवटचं वर्ष. वर्षाच्या शेवटी एक अख्खी कॅम्पेन करून जुरीपुढं मांडायची असते. वर्गातल्या बहुतेकांनी चहा, साबण, पर्यटन घेतलं. मी घेतलं एका गाण्याचं प्रमोशन: व्हिडिओ, सिंगलचं कव्हर, पोस्टर आणि मोबाइलवर फिरवायच्या क्लिपा. गाणं आमच्याच गल्लीतल्या मित्राचं. तो बी.कॉम. करत दुपारी एका सूतव्यापाऱ्याकडे हिशेब लिहायचा आणि रात्री वहीत रॅप. तिसरा बीट बनवणारा. चौथी माझी वर्गमैत्रीण, आमच्यात कॅमेरा खऱ्या अर्थानं तिलाच यायचा.

विषय मंजूर करताना सरांनी विचारलं, "हिपहॉप न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सचं. ११ ऑगस्ट १९७३, सेजविक अव्हेन्यूवरची पार्टी, डीजे कूल हर्क. तुझा काय संबंध?" सर वाचून आले होते. मी म्हटलं, डीजे, एमसी म्हणजे रॅपर आणि ब्रेकिंग हा नाच, यांच्या जोडीला ग्राफिटी, म्हणजे भिंतीवर रंगवलेली अक्षरंही, हिपहॉपचंच अंग धरतात, म्हणजे अक्षर काढणं हे वरचं पॅकिंग नाही, आतलंच आहे. आणि ते मी देवनागरीत करणार. उत्तर जागेवर सुचलेलं. सर म्हणाले, "मग आधी अक्षरं दाखव. बाकीचं नंतर." ते वाक्य पुढं दोन महिने मानगुटीवर बसलं.

गाण्याचं नाव 'ठिगळ'. अख्ख्या गावात मैलोगणती कापड निघतं आणि पोराच्या पँटीला ठिगळ, एवढाच त्याचा मुद्दा. बोल मला आवडले होते. एक ओळ पप्पांवरून होती, ती घरी ऐकतील म्हणून मी बदलायला लावली. मित्रानं कुरकुर केली, "तू एडिटर हायस का सेन्सॉर?" म्हणाला, पण बदलली.

बीटची वेगळीच तऱ्हा. आधी नेटवरून 'फ्री' लिहिलेला एक बीट उतरवून त्यावर सगळं गाणं बसवलं होतं. नंतर खालची बारीक अक्षरं वाचली: फ्री म्हणजे पैसे न कमावण्याच्या अटीवर, आणि ऑडिओ प्लॅटफॉर्मवर टाकायचं तर लायसन विकत घ्या. पैसे नव्हते. मग बीटवाल्यानं मागाचाच आवाज घ्यायचं काढलं. मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग फुटलं. शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर, मोबाइलचा माइक हात टेकतो. कॉलेजातल्या एका सीनियरचा छोटा झूम रेकॉर्डर आणला, लेव्हल एकदम खाली ठेवली आणि मागापासून दोन-तीन हात लांब धरला. तेव्हा कुठं धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडं धावणारा ठोकळा, आपटल्याचा ठोका स्वच्छ आला.

मी मोबाइलवर टॅप करून वेग मोजला. मिनिटाला १५६ पिक. पिक म्हणजे धोट्याची एक फेरी, एक आडवा धागा. याच्या निम्मे ७८, आणि ७८ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ७८ ठोके, हा रॅपला अगदी चालणारा वेग. आम्ही दोघं उड्या मारायचे बाकी होतो. आनंद दहा मिनिटं टिकला. माग घड्याळासारखा चालत नाही. पट्टा सरकतो, व्होल्टेज खाली-वर होतं, ठोका कधी पुढं कधी मागं. शेजारशेजारचे दोन माग तर एकमेकांशी कधीच जुळत नाहीत. शेवटी बीटवाल्यानं एकच ठोका कापून घेतला आणि एफएल स्टुडिओ या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये ७८च्या जाळीवर एकेक करून मांडला. मागून मात्र खऱ्या शेडचा बेशिस्त खडखडाट बारीक आवाजात सोडलाय. हेडफोन लावून ऐकलं तर कळतो.

शूटसाठी पप्पांच्या ओळखीनं एका मालकांनी रविवारी दुपारी शेड दिली. अटी दोन: कारखान्याची पाटी दिसता कामा नये आणि कामगारांना विचारल्याशिवाय त्यांचे चेहरे घ्यायचे नाहीत. दोन्ही अटी रास्त होत्या. कॅमेरा भाड्यानं आणला, दिवसाला १,५०० रुपये. माझ्याकडं ३२ शॉटची यादी होती, रंगीत पेननं लिहिलेली.

आत पाय ठेवला आणि ब्लूटूथ स्पीकर चालू केला. त्याचा दिवा लुकलुकत होता, त्यावरून तो वाजतोय हे कळलं. एवढंच.

पहिला तास नुसता गोंधळ. रॅपरच्या कानात वायरचे इअरफोन घातले, वरून हूडी. तेवढ्यात जॉबर मामा, म्हणजे मागांची देखभाल बघणारे, आले आणि काही न बोलता त्यांनी हूडीच्या लोंबणाऱ्या दोऱ्या धरून गळ्यात आत कोंबल्या. मग गळ्यातली चेन काढायला लावली. चेनसाठी त्यानं खास तुळशीबागेतून ३५० रुपये मोजले होते. मामांनी फिरणाऱ्या पट्ट्याकडं बोट दाखवलं आणि स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवलं. चेन खिशात गेली. नंतर त्यांनी कॅमेरावालीला खांद्याला धरून चार पावलं बाजूला उभं केलं: धोट्याच्या रेषेत कुणी थांबायचं नाही, कारण धोटा कधीतरी उडतो, आणि तो टोकाला लोखंड बसवलेला लाकडी ठोकळा असतो. माझ्या यादीतला सगळ्यात देखणा शॉट नेमका त्या रेषेतला होता.

हे सगळं त्यांनी एक शब्दही मोठ्यानं न बोलता सांगितलं, आणि आम्हाला सगळं समजलं. शेडमध्ये असंच बोलतात. ओठ जरा जास्त हलवायचे, हातानं दाखवायचं. एका हाताची मूठ वळून कानाशी नेली की चहा आला का विचारतायत का फोन आलाय, हे चेहऱ्यावरून ठरतं. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. तिकडं लँकेशायरच्या गिरण्यांतल्या विणकरांचीही अशीच ओठांची बोली होती, 'मी-मॉ' म्हणायचे तिला. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी मी फक्त घामेजलो होतो.

इअरफोनमधूनही रॅपरला ठोका मिळेना. शेवटी बीटवाला कॅमेऱ्यामागं स्टुलावर उभा राहिला, कानावर मोठे बंद हेडफोन, आणि हातानं ताल देऊ लागला. कीर्तनात टाळकरी बुवांकडं नजर लावून असतात तसा आमचा रॅपर त्याच्याकडं बघत गायला. म्हणून अर्ध्या व्हिडिओत त्याची नजर कॅमेऱ्याच्या वीतभर वर आहे. लोक विचारतात, तो वर काय बघतोय? जुरीतल्या एका बाईंना त्यात स्वप्नाळूपणा दिसला.

स्लो मोशनचं गणित आधी घरी करून गेलो होतो. सेकंदाला ५० फ्रेम घ्यायच्या आणि २५च्या वेगानं दाखवायच्या, म्हणजे चित्र निम्म्या वेगानं चालतं. पण ओठ गाण्याशी जुळायचे तर शूटच्या वेळी गाणं दुप्पट वेगानं म्हणावं लागतं. ७८चं दुप्पट १५६. म्हणजे आमचा गडी मागाच्या वेगानं रॅप करत होता, आणि पडद्यावर माग निम्मे होऊन गाण्याच्या वेगाला आले. माग घड्याळ नसल्यामुळे सगळीकडं जुळत नाही, पण दुसऱ्या कडव्यात सलग चारेक ओळी धोटा अगदी ठोक्यावर पडतो. ते नशीब. कुणी विचारलं तर आम्ही नियोजन म्हणतो. रॅपरची मात्र हालत झाली. १६ ओळी त्या वेगानं म्हणताना जीभ अडखळायची आणि जे आधी पाठ झालेलं असेल तेच तोंडातून बाहेर यायचं.

ट्यूबलाइटचं लुकलुकणं टाळायला शटर १/१०० ठेवलं, कारण आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची. हे आम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते कापडाचं. मागावरून उतरलेलं कोरं कापड रॅपरच्या मागं पडद्यासारखं टांगलं, आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर त्या कापडावर रंगीत लहरी नाचायला लागल्या. बारीक वीण आणि सेन्सरची जाळी एकमेकींशी भांडली की असं होतं. कापडाच्या गावात कापडच कॅमेऱ्यात येईना! मैत्रिणीनं कापड सहा फूट मागं नेलं, फोकस रॅपरवर ठेवला आणि मागचं धूसर केलं, लहरी गेल्या. लेन्स बदलायला मात्र ती दर वेळी शेडबाहेर रस्त्यावर जायची. आत हवेत सगळीकडं सुताचं तूस. संध्याकाळी तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

साडेचारला लाइट गेली.

माग एकदम थांबत नाहीत, दोन-तीन ठोके सावकाश टाकून मग गप्प होतात. त्यानंतरची शांतता मी शब्दांत सांगू शकत नाही, पण तिच्यात कामगार अजूनही ओरडूनच बोलत होते आणि स्वतःच हसत होते. ३२पैकी तोवर १९ शॉट झाले होते. मैत्रीण म्हणाली, "आत्ता घेऊ. उजेड दारातून येतोय तेवढाच." रॅपर बंद मागांच्या मधल्या वाटेत उभा राहिला आणि त्यानं शेवटचं कडवं बिनबीटचं म्हटलं, साध्या वेगानं. एकच टेक. व्हिडिओतला सगळ्यात चांगला भाग तोच, आणि तो माझ्या रंगीत यादीत नव्हता.

आता अक्षरांचं. सरांना पहिल्यांदा दाखवलं ते ग्राफिटीच्या इंग्रजी वळणाचं 'ठिगळ' होतं: टोकदार बाण, फुगीर कडा, शिरोरेषा गायब. सर म्हणाले, "हे वाचायला आधी ब्रॉन्क्सला जावं लागेल." मग फाँट धुंडाळले. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्यांचा 'मोदक' लावून बघितला. लठ्ठ, गोड, एकमेकांत घुसलेली अक्षरं, मला फार आवडतो तो. पण ठिगळ शब्द त्यात पोटभर जेवलेला दिसायला लागला. मग सरांनी कमल शेडग्यांनी केलेल्या नाटकांच्या शीर्षकांची कात्रणं आणून टेबलावर टाकली. नुसत्या अक्षरावरून नाटक हसवणार की रडवणार ते कळतं. सर काही बोलले नाहीत, चहाला निघून गेले.

शनिवारी घरी गेलो तर आई मशीनवर बसून उशीचे अभ्रे शिवत होती, पायाशी चिंध्यांचं बोचकं. मी विचारलं, "आई, ठ शिवता येईल?" ती म्हणाली, "कसला ठ?"

ठ हे शिवायला महाभयंकर अक्षर आहे. गोल कापड गोल राहत नाही, कडेला चुण्या पडतात. आईनं पहिला ठ उसवला, दुसरा उसवला, तिसऱ्या वेळी वर्तुळाच्या कडेला आतून बारीक कात्र्या मारल्या, मग दुमडलं, मग हातानं टाका घातला. ग तिनं दोन मिनिटांत केला, ळ करताना म्हणाली, "हे तर दोन ठ चिकटवल्यागत हाय, आधी सांगायचं." पहिल्या वेलांटीसाठी नाडा वापरला. शिरोरेषा मी केली: मागाच्या बीमवरचे उभे धागे ताणून, मधे एक धागा तुटलेला. ते सगळं काळ्या कापडावर मांडून गच्चीत सावलीला ठेवलं आणि शिडीवर चढून वरून फोटो काढला. वारा होता म्हणून चारही कोपऱ्यांवर वजनाची मापं ठेवली होती, ती नंतर फोटोशॉपमध्ये पुसली. एक पुसलेलं नाही. कव्हरच्या खाली डावीकडं नीट बघा.

गाणं ऑडिओ प्लॅटफॉर्मवर टाकायला कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी लागतं. पहिल्या खेपेला ते परत आलं, कारण कोपऱ्यात मी रॅपरचं इन्स्टाचं नाव टाकलं होतं. असले पत्ते कव्हरवर चालत नाहीत. थंबनेलमध्ये तर 'ळ' गेला. उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओची वेळ येते, तिच्या काळ्या डबीखाली आमच्या शब्दाची शेपूट दडली आणि लोकांना 'ठिग' दिसू लागलं. अक्षरं वर सरकवली.

पोस्टरचा किस्सा आठवला की अजून पोटात गोळा येतो. शीर्षक फोटो होता, पण खालची ओळ मी टाइप केली होती: 'रविवारी सकाळी ११ वाजता प्रदर्शित'. फाइल तशीच पेनड्राइव्हवर घेऊन छपाईवाल्याकडं दिली आणि एसटी पकडायला पळालो. दुसऱ्या दिवशी ५० पोस्टरं हातात आली. 'रविवारी'तली वेलांटी 'व'च्या पाठीमागं जाऊन बसलेली. 'प्रदर्शित'मधला प पाय मोडून एकीकडं, र दुसरीकडं, रफार कुठंतरी तिसरीकडं. त्याच्या मशीनवरच्या फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू नव्हती, त्यामुळं जोडाक्षरं सुटली. तो म्हणाला, "कर्व्ह करून आणायचं की राव." खरंय. अक्षरांचे कर्व्ह केले की ते नुसते आकार होतात, मग कुठल्याही मशीनवर हलत नाहीत. उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाच्या पोराला हे छपाईच्या दुकानात ऐकावं लागलं. शिवाय स्क्रीनवरचा भडक गुलाबी छापून वांग्याच्या रंगाचा झाला होता, पण ते दुःख त्या वेळी किरकोळ वाटलं.

पुन्हा छापायला पैसे नव्हते. रात्री आई, मी आणि रॅपर अशा तिघांनी कोऱ्या कापडाच्या ५० पट्ट्या कापल्या, त्यावर मार्करनं तारीख-वेळ लिहिली आणि मोडक्या ओळीवर डिंकानं चिकटवल्या. ठिगळ नावाच्या पोस्टरला खरं ठिगळ. जुरीला ती मूळ कल्पनाच वाटली. आम्ही काही बोललो नाही.

एडिटिंग डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत, कॉलेजच्या लॅबमध्ये. शूटच्या वेळी टाळी मारून उपयोग नव्हता, खडखडाटात टाळी कुठं सापडणार. त्यामुळं कॅमेऱ्यात आलेल्या आवाजावरून गाणं जुळवता येईना. मग डोळ्यानं जुळवायचं. शाळेत शिकलेले ओष्ठ्य वर्ण तिथं कामाला आले: प, फ, ब, भ, म. यातला वर्ण आला की ओठ मिटतात. प्रत्येक शॉटमध्ये 'माग'चा म शोधायचा, ओठ मिटलेली फ्रेम धरायची आणि गाण्यातला म तिच्यावर आणून ठेवायचा. चार रात्री हेच. तीन मिनिटं बारा सेकंदांचा व्हिडिओ आम्ही चौघांनी मिळून शंभर वेळा तरी बघितला असेल.

शनिवारी रात्री, उद्या अपलोड, म्हणून घरी पप्पांना दाखवला. टीव्हीवर आईची मालिका चालू होती, म्हणून आवाज न लावताच मोबाइल हातात दिला. तसाही त्यांना काय फरक पडणार, असं मनात आलं होतं, लपवत नाही. ते चष्मा कपाळावर सरकवून, मोबाइल नाकाशी धरून बघत राहिले. लाइट गेल्यानंतरच्या भागाला थांबले. मागं घेऊन परत बघितलं.

"काय म्हणतोय हितं?"

मी सांगितलं, "माग ओरडला जन्मभर, घाव झाला गहिरा."

"न्हाई. बाप म्हणतोय. दोनदा तोंड मिटतंय बघ." स्क्रीनवर बोट ठेवून त्यांनी पुन्हा बघितलं. "बाप झाला बहिरा, असं म्हणतोय."

तीच ओळ. मी बदलायला लावलेली. लाइट गेल्यावरच्या घाईत त्याच्या तोंडून वहीतली जुनी ओळ निघून गेली होती. तिथं उभे असलेले आम्ही तिघंही दारातला उजेड किती वेळ टिकतोय ते बघत होतो, आणि नंतर शंभर वेळा बघताना कानानं 'घाव' ऐकलं तेच डोळ्याला दिसत राहिलं. माझे कान गरम झाले. मी म्हटलं, "ते चुकून राहिलंय पप्पा, काढतो."

"काढतोस कशाला? खोटं हाय व्हय?" असं म्हणून ते हात धुवायला उठले.

ऑडिओ आधीच पाठवून झाला होता, त्यात 'घाव गहिरा'च राहिलं. व्हिडिओपुरती ती एक ओळ रविवारी सकाळी आमच्या घरात पुन्हा रेकॉर्ड केली. कपाटाचं दार उघडून, दोन्ही बाजूंना गाद्या उभ्या करून, रॅपर आईच्या साड्यांत तोंड खुपसून. पप्पा दारात स्टूल टाकून बसले होते, त्याच्या तोंडाकडं बघत. पहिल्या दोन टेकला त्यांनी मान हलवली. तिसऱ्याला हात वर केला, मागावरून जॉबरला हाक मारायला करतात तसा. ११ला द्यायचा व्हिडिओ पावणेबाराला गेला.